फोमची गादी कमी पाण्यात कशी स्वच्छ करायची: डाग, वास, जंतू आणि वाळवण

कापसाच्या गादीची निगा आपल्याकडे घराघरात ठाऊक असते. वैशाखात गच्चीवर नेऊन ऊन द्यायचं, काठीने बडवायचं, दोन-चार वर्षांनी कापूस पिंजून घ्यायचा. फोमच्या गादीला यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. बडवलं तर फोम आतून फाटतो, उघड्या फोमवर कडक ऊन पडलं तर तो पिवळा पडून भुगा होतो, आणि पाण्याने धुतलं तर आतला ओलावा आठवडाभर निघत नाही.

फोम म्हणजे एकमेकांना जोडलेल्या लाखो बारीक छिद्रांचा ठोकळा. त्यात पाणी शिरायला दहा सेकंद पुरतात. बाहेर पडताना मात्र तेच पाणी वाफ होऊन फक्त वरच्या पृष्ठभागातून निघतं, म्हणून कित्येक दिवस लागतात. तोवर आत बुरशी धरते. डागामुळे टाकून द्याव्या लागलेल्या गाद्या थोड्या असतात, डाग काढताना ओतलेल्या पाण्याने कुजलेल्या जास्त. पुढच्या प्रत्येक पायरीत पाणी का मोजून वापरायला सांगितलंय, ते यावरून लक्षात येईल.

१. आधी गादी कोणती आहे ते पाहा

खोळीच्या कडेला शिवलेली पट्टी वाचा. पट्टी नसेल तर चेन थोडी उघडून आतलं पाहा.

साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम एकसारख्या रंगाचा, हलका असतो आणि दाबला की लगेच वर येतो. यावर या लेखातले सगळे उपाय चालतात.

मेमरी फोम दाबला की हाताचा ठसा काही सेकंद राहतो. हा ओला असताना फार नाजूक असतो, ओढला किंवा घडी घातली तर चिरतो. गरम पाणी आणि वाफ यावर वापरू नका.

रिबॉन्डेड फोम म्हणजे रंगीबेरंगी तुकडे चिकटवून दाबलेला जड, कडक फोम. पाणी मुरलं तर वाळायला सर्वांत जास्त वेळ हाच घेतो आणि वासही बराच काळ धरून ठेवतो. यावर फक्त साबणाचा फेस (पाचवा भाग पाहा) आणि फडकं.

लेटेक्स रबरासारखा लवचिक असतो आणि त्याला बहुधा आरपार भोकं असतात. याला थेट ऊन अजिबात नको. तेलानेही तो खराब होतो.

काथ्या आणि फोम एकत्र असलेल्या गादीत वरचा थर फोमचा आणि गाभा काथ्याचा असतो. काथ्यापर्यंत पाणी गेलं की कुबट वास येतो आणि तो काढणं फार अवघड. अशा गादीवर जास्त द्रव लागणारा कोणताही उपाय करू नका.

चेन दिसली म्हणजे खोळ काढण्यासाठीच आहे, असं धरून चालू नका. बऱ्याच गाद्यांची चेन कारखान्यात फोम आत सरकवण्यासाठी असते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तिथल्या काही स्वस्त मेमरी फोम गाद्यांमध्ये आग रोखण्यासाठी काचतंतूंची आतली खोळ असते. वरची खोळ काढली की ते तंतू खोलीभर उडतात, कपड्यांत आणि कातडीत रुततात. पट्टीवर ‘ग्लास फायबर’ किंवा ‘फायबरग्लास’ लिहिलेलं असेल तर चेनीला हात लावू नका.

२. जवळ काय हवं

- व्हॅक्यूम क्लीनर आणि त्याचं सोफ्यासाठीचं रुंद, चपटं नोझल
- पांढरी सुती फडकी ६ ते ८ (रंगीत फडक्याचा रंग गादीला लागतो) आणि दोन जुने टॉवेल
- फवाऱ्याच्या दोन बाटल्या. हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी अपारदर्शक घ्या, कारण प्रकाशात ते निकामी होतं
- खायचा सोडा: एकेरी गादीच्या एका बाजूला २५० ग्रॅम, दुहेरीला ५०० ग्रॅम
- भांडी घासायचं लिक्विड. कपड्यांची पावडर नको, ती फोममधून पूर्ण निघत नाही आणि पुढे धूळ धरून ठेवते
- हायड्रोजन पेरॉक्साइड, औषधांच्या दुकानातून
- ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल
- लघवीच्या डागांसाठी एन्झाइम क्लीनर. पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात हमखास मिळतो
- रबरी हातमोजे, मास्क, टेबल फॅन

खायचा सोडा, बेकिंग पावडर आणि धुण्याचा सोडा या तीन वेगळ्या वस्तू आहेत. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आणि पिठूळ पदार्थ असतात, ओल लागली की त्याची खळ होते. धुण्याचा सोडा फारच तिखट, कापड आणि कातडी दोन्हींना त्रास देणारा. पुडीवर ‘सोडियम बायकार्बोनेट’ वाचूनच घ्या.

पेरॉक्साइडच्या बाटलीवरचा आकडाही पाहा. आपल्याकडे औषधांच्या दुकानात मिळतं ते बहुधा ६ टक्के असतं, त्यावर ‘२० व्हॉल्यूम’ असं लिहिलेलं असतं. परदेशी व्हिडिओंतल्या कृती ३ टक्क्यांच्या असतात. म्हणून ६ टक्क्यांचं द्रावण आणि पाणी समप्रमाणात घ्या, आणि लागेल तेवढंच त्या वेळी मिसळा.

३. दिवस निवडणं

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण निम्मं यश हिच्यात आहे. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत फोम वाळत नाही. पावसाळ्यात फक्त कोरडी सफाई करा, ताजा डाग असेल तर तेवढाच काढा, बाकी काम पुढे ढकला. गादीची मोठी सफाई करायला फेब्रुवारी ते मे आणि ऑक्टोबरचा उकाडा हे दिवस चांगले. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत जी गादी एका दिवसात वाळते, तिलाच दमट किनाऱ्यावर तीन दिवस लागू शकतात.

काम सकाळी आठच्या आत सुरू करा, आणि त्या रात्रीची व पुढच्या रात्रीची झोपायची सोय दुसरीकडे करून ठेवा. रात्री झोपायचंच आहे म्हणून अर्धवट ओल्या गादीवर चादर घालणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. एका दिवसात एकच बाजू घ्या.

४. खोळ आणि कोरडी सफाई

चादरी, अभ्रे, गादीवरचं संरक्षक कव्हर सगळं धुवायला टाका. धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट्स, ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मरतात. सुती चादरींना तेवढं तापमान चालतं. गादीच्या विणलेल्या खोळीला मात्र बहुधा ३० किंवा ४० अंशच चालतात. त्याहून गरम पाण्यात ती आटते आणि मग चेन लागत नाही. खोळ थंड पाण्यात धुतली तरी माइट्सची विष्ठा आणि कातडीचा कोंडा बराचसा वाहून जातो. शिंका, दमा, डोळ्यांची खाज यांचं मूळ मुख्यतः त्या विष्ठेत असतं, त्यामुळे असं धुणंही वाया जात नाही.

आता व्हॅक्यूम. नोझल गादीवर टेकवून हळू ओढा, एकेरी गादीच्या एका बाजूला निदान दहा मिनिटं द्या. आधी लांबीच्या दिशेने पट्टे, मग आडवे. सगळ्यात जास्त घाण कडेच्या गोटाखाली, शिवणींत आणि बटणांच्या खळग्यांत असते, तिथे बारीक नोझल लावा. याच वेळी टॉर्च घेऊन गोट उलटून पाहा. शाईच्या टिंबांसारखे काळे ठिपके, फिकट सालपटं किंवा डाळिंबाच्या बीपेक्षा लहान, चपटे तांबूस किडे दिसले तर ते ढेकूण. पुढची पायरी न करता थेट नवव्या भागाकडे जा, कारण ओल्या सफाईने ढेकूण जात नाहीत, घरभर पांगतात.

व्हॅक्यूम नसेल तर गादी उघड्या गॅलरीत नेऊन मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा, आणि मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या. मास्क लावा. दम्याच्या माणसाने हे काम करू नये.

निळा-जांभळा प्रकाश टाकणारी ‘यूव्ही’ गादी-सफाई यंत्रं हल्ली खूप विकली जातात. तो प्रकाश जिथे थेट पडतो तिथेच काम करतो आणि त्यालाही वेळ लागतो. गादीवरून यंत्र भराभर फिरवून कापडाच्या धाग्याआडचे जंतू मरत नाहीत. त्या यंत्राचा खरा उपयोग आतल्या व्हॅक्यूमचा असतो.

५. डाग काढणं

सगळ्या डागांना लागू पडतील असे दोन नियम. टिपायचं, घासायचं नाही. आणि डागाच्या बाहेरच्या कडेकडून मध्याकडे यायचं, नाहीतर डाग पसरतो. कोणतंही द्रावण आधी कोपऱ्यात खालच्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर लावून दहा मिनिटं थांबा, रंग जातो का ते कळेल.

सर्वसाधारण मळ, घामाचे पिवळे पट्टे, चहा-कॉफी यांना फेस वापरा. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा भांड्यांचं लिक्विड घालून रवीने किंवा फेटणीने भरपूर फेस काढा. फडक्यावर फक्त फेस घ्या, खालचं पाणी नको. डागावर हलक्या हाताने थोपटत लावा, पाच मिनिटं ठेवा, साध्या पाण्यात बुडवून कडक पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा टिपा, शेवटी कोरड्या टॉवेलने दाबून ओल काढा. साबण राहिला तर ती जागा महिन्याभरात पुन्हा काळी दिसू लागते, म्हणून साध्या पाण्याचं टिपणं टाळू नका.

लघवीचा डाग ताजा असेल तर पहिली पाच मिनिटं फार मोलाची. टॉवेलची जाड घडी डागावर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन टाकून उभे राहा. टॉवेल बदलून पुन्हा. फडक्याला ओल लागायची थांबेपर्यंत हे करा. जेवढं इथे निघेल तेवढं पुढे औषधाने काढावं लागणार नाही. गरम पाणी ओतू नका, त्याने प्रथिनं घट्ट बसतात आणि वास पक्का होतो.

वरवरच्या डागाला २०० मिलिलिटर ३ टक्के पेरॉक्साइड, तीन मोठे चमचे खायचा सोडा आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब उघड्या वाडग्यात हलवा आणि लगेच डागावर फवारा किंवा स्पंजने लावा. सगळंच द्रावण संपवायचं नाही, पृष्ठभाग ओलसर होईल इतकंच लावा. तासाभराने टिपा, पूर्ण वाळू द्या, उरलेली पांढरी पावडर व्हॅक्यूमने काढा. हे मिश्रण झाकण लावून कधीही साठवू नका. त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटते. उरलेलं मोरीत ओता. रंगीत कापडावर पेरॉक्साइड फिकट डाग पाडतं, हेही लक्षात असू द्या.

जुना, खोल मुरलेला लघवीचा डाग वेगळा. पाच-सहा वर्षांच्या मुलाने अंथरूण ओलं केलं की लघवी सहज चार-पाच सेंटीमीटर खोल जाते. वरून कितीही पुसलं तरी दमट दिवशी वास परत येतो, कारण आतले युरिक आम्लाचे खडे पाण्यात नीट विरघळत नाहीत. इथे एन्झाइम क्लीनरच हवा, आणि तो लघवी जिथपर्यंत गेली तिथपर्यंत पोचायला हवा. एरवी फोम भिजवू नका असं म्हणत असलो तरी या एका ठिकाणी थोडं भिजवावं लागतं. डागाच्या कडेच्या बाहेर दोन बोटं जाईल इतका क्लीनर सावकाश घाला, ओल टिकावी म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद ठेवा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. मग टॉवेलने दाबून जेवढं निघेल तेवढं काढा. या आधी किंवा सोबत पेरॉक्साइड, अल्कोहोल वा जंतुनाशक वापरू नका, एन्झाइम निकामी होतात. काथ्याच्या आणि रिबॉन्डेड गादीवर हा उपाय करू नये, ती वाळायचीच नाही.

रक्ताच्या डागाला थंडच पाणी. फडक्याने टिपा, मग ३ टक्के पेरॉक्साइड ड्रॉपरने किंवा कापसाने थोडं थोडं लावा. रक्तातल्या एका एन्झाइममुळे फेस उठेल. फेस टिपा, पुन्हा लावा. फेस यायचा थांबला की त्या जागी काढण्याजोगं रक्त उरलं नाही असं समजा, फिकट छटा राहिली तर राहू द्या.

तेल, म्हणजे डोक्याचं, बाळाच्या मालिशचं, गुडघ्याला चोळायचं. यावर आधी पाणी लावलंत तर डाग बसतो. कॉर्नफ्लॉवर किंवा खायचा सोडा जाडसर पसरून दोन तास ठेवा, तेल शोषलं की व्हॅक्यूमने काढा आणि मगच फेस लावा.

हळद लेपातून किंवा जखमेवरून गादीला लागते. साबण किंवा सोडा लावला की ती लालभडक होते. घाबरू नका, क्षारामुळे तिचा रंग बदलतो. फेसाने टिपून घ्या आणि ती बाजू, खोळीसकट, सकाळच्या कोवळ्या उन्हात तास-दीड तास ठेवा. हळदीचा रंग प्रकाशात स्वतःहून उडतो. लेटेक्सच्या गादीची फक्त काढलेली खोळच उन्हात ठेवा.

उलटी झाली असेल तर घट्ट भाग पुठ्ठ्याने खरवडून काढा, मग फेस, मग एन्झाइम. पोटाच्या साथीत झालेली उलटी किंवा जुलाब असेल तर हातमोजे आणि मास्क घाला. पोट बिघडवणाऱ्या काही विषाणूंवर अल्कोहोलचा असर कमी होतो, तिथे ३ टक्के पेरॉक्साइड निवडा आणि पृष्ठभाग दहा मिनिटं ओलसर राहू द्या.

६. वास

गादी वाळलेली असतानाच सोडा टाका. ओल्या फोमवर टाकलेल्या सोड्याचे खडे होतात. चाळणीने पातळ, एकसारखा थर द्या आणि निदान आठ तास ठेवा. नंतर व्हॅक्यूमने दोनदा काढा. ही पावडर फार बारीक असल्याने व्हॅक्यूमची गाळणी लवकर तुंबते, मधे एकदा झटकून घ्या. ओढ कमी झाली तरी तसंच चालवत राहिलं तर मोटर तापते.

व्हॅक्यूम नसणाऱ्यांनी सोडा थेट गादीवर टाकूच नये. जुनी मलमलची ओढणी किंवा धोतराचं पातळ कापड पसरा, त्यावर सोडा टाका आणि सकाळी कापड चारी कोपऱ्यांनी उचलून घ्या. परिणाम थोडा कमी, पण फोममध्ये पावडर अडकत नाही.

सोडा वास शोषतो, जंतू मारत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून फसफस करून दाखवणारे व्हिडिओ अगणित आहेत. ती फसफस म्हणजे दोघांनी एकमेकांना संपवणं. उरतं ते खारट पाणी, आणि ते फोममध्ये मुरतं.

७. निर्जंतुकीकरण

घाण असलेल्या जागेवर जंतुनाशक नीट काम करत नाही, म्हणून ही पायरी सफाईनंतरच. आणि एक गोष्ट स्पष्ट असावी: घरी आपण गादीचा पृष्ठभाग निर्जंतुक करू शकतो, १५ सेंटीमीटर जाडीचा आख्खा फोम नाही. कोणी तसा दावा केला तर विश्वास ठेवू नका.

७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल फवाऱ्याच्या बाटलीत घ्या. ९९ टक्क्यांचं मिळालं असेल तर ७०० मिलिलिटरला ३०० मिलिलिटर पाणी घाला. पाणी घातल्याने ते कमजोर होत नाही. जंतूंच्या आवरणात शिरायला पाणी लागतंच, आणि त्यामुळे ते जरा सावकाश उडतं. एक वीतभर अंतरावरून, एकेरी गादीच्या एका बाजूला १०० ते १५० मिलिलिटर पुरे. पृष्ठभाग एक मिनिटभर ओलसर दिसला पाहिजे. लगेच कोरडा पडला तर फवारा कमी झाला, हाताला पाणी लागलं तर जास्त झाला.

अल्कोहोल पेट घेतं आणि फोमही. फवारण्याआधी देवघरातला दिवा, उदबत्ती, मच्छरांची कॉइल विझवा, शेजारी स्वयंपाकघर असेल तर गॅस बंद करा. सगळ्या खिडक्या उघडा. खोलीत सिगारेट नको. लहान मूल आणि पाळीव प्राणी निदान दोन तास बाहेर.

काय वापरू नये:

- कपड्यांचं ब्लीच. फोम ठिसूळ होतो. लघवीतल्या अमोनियाशी मिसळलं की घसा आणि फुप्फुसं जाळणारे वायू निघतात, आणि व्हिनेगर किंवा संडास साफ करायच्या आम्लाशी मिसळलं तर क्लोरीन.
- पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकत्र. तयार होणारं आम्ल डोळ्यांना आणि श्वासाला त्रासदायक असतं.
- फिनाईल. ते फरशीसाठी आहे. गादीत मुरलेला त्याचा वास रात्रभर नाकाशी राहतो.
- गादीखाली डांबरगोळ्या. ज्या बाळांना जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वासानेही फुटू शकतात, आणि ही कमतरता बाहेरून दिसत नाही.

घरात कुणाला खरूज झाली असेल तर गादीवर औषध फवारण्याची गरज नसते. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. उपचाराच्या दिवशी चादरी गरम पाण्यात धुवा, गादी व्हॅक्यूम करा आणि जमल्यास तीन-चार दिवस तिच्यावर कुणी झोपू नका.

८. वाळवणं

साधा पीयू फोम लांब कडेवर उभा करा, भिंतीपासून वीतभर दूर. मेमरी फोम आणि लेटेक्स उभे ठेवले तर वाकतात, त्यांना पट्ट्यांच्या पलंगावर किंवा चार प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आडवं ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागते. टेबल फॅन तिरका लावून पूर्ण वेगाने चालू ठेवा. वरचा पंखा एकटा पुरत नाही. एसी असेल तर ‘ड्राय’वर लावा आणि खिडक्या बंद करा, पण अल्कोहोल पूर्ण उडाल्यानंतरच. बारा तासांनी बाजू बदला. हेअर ड्रायर वापरलाच तर थंड हवेवर. रूम हीटर जवळ आणू नका. पीयू फोम भराभर पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइड असतं.

ऊन द्यायचं असेल तर (लेटेक्सला नाहीच) खोळ घालून, सकाळी आठ ते दहा, खाली चटई पसरून. कबुतरं बसतात त्या गॅलरीत नको. ऊन वरचा थर वाळवतं, आतला फोम वाळतो तो वाऱ्याने. दुपारी भाजून काढलेली गादी हाताला कडकडीत लागते आणि संध्याकाळी दाबली की आतून गार लागते, ते याचमुळे.

वाळली का हे हाताने कळत नाही. कोरडा टिश्यू पेपर चार पदरी करून डागाच्या जागी ठेवा, त्यावर पाच किलो पिठाचा डबा ठेवा आणि पंधरा मिनिटं थांबा. कागद जराही मऊ पडला तर अजून एक दिवस. मग तळव्याने खोल दाबून सोडा आणि बाहेर येणारी हवा हुंगा. कुबट वास आला तर आत ओल आहे. वाळल्यावर डागाभोवती तपकिरी कडा उमटली तर घाबरू नका, आतला मळ ओलीसोबत वर आला आहे. ती फेसाने पुन्हा टिपा, या वेळी आणखी कमी ओलीत.

साधारण २४ तास, किनारपट्टीवर ४८, एन्झाइम घातलेल्या गादीला त्याहूनही जास्त धरून चाला.

९. बुरशी आणि ढेकूण

बुरशी बहुधा खालच्या बाजूला सापडते. सामान ठेवायच्या बंद बॉक्स बेडवर प्लायला भोकं नसतात. अंगातली वाफ गादीतून खाली जाते, थंड प्लायवर अडते आणि तिथेच मुरते. फरशीवर टाकलेल्या गादीचंही तेच, थंड देशांतल्या हिवाळ्यात तर फारच. तळहाताएवढा आणि फक्त कापडावरचा डाग असेल तर गादी उघड्यावर न्या, एन-९५ मास्क लावा, ओलसर फडक्याने उचलून घ्या (कोरडा ब्रश मारला तर बीजाणू उडतात), फडकं फेकून द्या, ७० टक्के अल्कोहोल दोनदा लावा आणि कडक वाळवा. खोळ काढल्यावर फोममध्येच काळे-हिरवे ठिपके दिसले तर गादी वाचत नाही.

ढेकणांसाठी गादीपुरता उपाय पुरा पडत नाही. पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, भिंतीतल्या फटी, स्विचबोर्ड ही त्यांची घरं. परवानाधारक पेस्ट कंट्रोल बोलवा आणि साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोन फेऱ्या ठरवा, कारण पहिल्या फवारणीतून वाचलेली अंडी आठवडा-दहा दिवसांत फुटतात. गादीला सहाही बाजूंनी चेनबंद होणारी ढेकूणरोधक खोळ घालून ती वर्षभर उघडू नका. उपाशी ढेकूण कित्येक महिने तग धरतो.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. धान्यात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, ढेकणांसाठी गादीखाली किंवा खोलीत ठेवू नका. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही, आणि तो शेजारच्या खोलीतही पसरतो. दुकानदाराने दिल्या, कुणी ओळखीच्याने सांगितलं, तरीही नाही.

१०. गादी टाकायची केव्हा

फोमच्या आत बुरशी, सांडपाण्यात किंवा पुराच्या पाण्यात भिजलेली गादी, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची गादी जिची रेक्झिनची खोळ फाटून लघवी आत झिरपत राहिली आहे, या तिन्ही टाकून द्या. शेवटच्या प्रकारात घरचे महिनोन्‌महिने सफाईत शक्ती घालवतात आणि पाठीच्या जखमा चिघळत राहतात. तिथे नवी गादी आणि तिला शिवण नसलेली अखंड जलरोधक खोळ हाच खरा उपाय. जुनी गादी जाळू नका, महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या घनकचरा विभागाला विचारून द्या.

११. पुन्हा एवढं करावं लागू नये म्हणून

जलरोधक संरक्षक कव्हर घ्या, वरून टेरीचं कापड आणि खालून पातळ लवचिक थर असलेलं. साधं प्लॅस्टिक किंवा टेबलावरचं रेक्झिन अंथरलं तर घाम अडतो आणि गादी वरूनच ओली राहते. कव्हर दोन घ्या, एक धुताना दुसरं. ते पिळू नका आणि इस्त्री करू नका, आतला थर सुटतो.

सकाळी उठल्याबरोबर पलंगपोस घालून गादी झाकायची सवय मोडा. रात्रभरात मुरलेला घाम उडून जायला अर्धा तास उघडी राहू द्या. महिन्यातून एकदा व्हॅक्यूम, तीन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे. गादी उलटता येते का ते पट्टीवर पाहा, वर मेमरी फोमचा थर असेल तर उलटायची नसते.

बॉक्स बेड असेल तर सुताराकडून प्लायला दोन सेंटीमीटर व्यासाची भोकं, साधारण वीत-वीत अंतरावर, पाडून घ्या. पावसाळ्याच्या आधी पाडली तर जास्त बरं.